बेडकाच्या तंगड्या टनावारी परदेशी गेल्या, पण बेडूक मोजले कुणी?

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की खाचरात, डबक्यात, ओढ्याच्या कडेला पिवळेधमक मोठे बेडूक दिसायला लागतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून रात्रभर डरांव डरांव चालू असतं. पोरं व्हिडिओ काढतात, स्टेटसला ठेवतात. मग ग्रुपवर चर्चा सुरू. कुणी म्हणतं विषारी आहे, कुणी म्हणतं बाहेरच्या देशातली जात आली. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. हा आपलाच बैल बेडूक. विणीच्या दिवसांत नर पिवळा होतो, ते दिवस सरले की पुन्हा नेहमीचा मळकट हिरवा-तपकिरी.

मात्र या बेडकाचा परदेशाशी संबंध आहे, आणि तो चांगलाच मोठा आहे. आज साठीच्या पुढे असलेल्या माणसांना कदाचित आठवत असेल, एक काळ असा होता की भारतातून बेडकाच्या मागच्या तंगड्या बर्फात गोठवून अमेरिकेला आणि युरोपला जात होत्या. १९८१ साली हा आकडा ४ हजार टनांच्या वर होता. टन म्हणजे हजार किलो. एका बेडकाच्या दोन तंगड्यांचं वजन ते किती, याचा विचार करा म्हणजे किती बेडूक गेले असतील याचा अंदाज येईल.

तो व्यापार १९८७ साली बंद झाला. पण त्या व्यापारातून जो प्रश्न उभा राहिला तो आजही जगभर सुटलेला नाही. रानातला, शेतातला, समुद्रातला जीव पकडून परदेशात विकायचा असेल, तर किती पकडला म्हणजे तो संपणार नाही? आणि हे ठरवायचं कुणी, मोजायचं कसं? आपण बेडकाच्या निमित्ताने ते समजून घेऊ. वाघ, हत्ती, गेंडा यांच्याबद्दल सगळे लिहितात. बेडूक आपल्या बांधावरचा आहे.

धंदा चालायचा कसा

केरळ, बंगाल अशा भातशेतीच्या भागात पावसाळी रात्री माणसं पेट्रोमॅक्सची बत्ती घेऊन निघायची. डोळ्यावर उजेड पडला की बेडूक जागच्या जागी दबून बसतो. उचलायचा आणि पोत्यात टाकायचा. सकाळी पोती व्यापाऱ्याकडे, तिथून कोचीनसारख्या बंदरांतल्या मासळी गोठवणाऱ्या कारखान्यात. तंगड्या तेवढ्या कापून घ्यायच्या, बाकीचं फेकून द्यायचं. पुष्कळदा बेडूक जिवंत असतानाच हे होत असे. त्यावरून परदेशातही ओरड झाली.

पकडणारा माणूस कोण होता? भूमिहीन मजूर, ज्याला पावसाळ्यात हातात रोख पैसे मिळायची दुसरी वाट नव्हती. त्यामुळे त्याला गुन्हेगार ठरवणं मला पटत नाही. त्याला नगाला किंवा किलोला काय भाव मिळत होता आणि पॅरिसच्या हॉटेलात त्याच तंगड्या कितीला जात होत्या, हा हिशेब आपल्याला टोमॅटोवरून, कांद्यावरून ठाऊकच आहे.

मुंबईचे निसर्ग अभ्यासक हुमायून अब्दुलअली हे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे जुने जाणते. त्यांनी या निर्यातीच्या विरोधात बाजू लावून धरली. १९८५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा यावर मोठा लेख आला. शेतकऱ्याला समजेल असाच मुद्दा होता. बेडूक शेतातले किडे खातो, बांध पोखरणारे लहान खेकडे खातो. तो टनावारी बाहेर पाठवायचा आणि मग कीड मारायला बाहेरून औषध आणायचं, यात फायदा कुणाचा? शिवाय पकड कधी व्हायची, तर ऐन पावसाळ्यात, म्हणजे ऐन विणीच्या हंगामात. अंड्यांनी भरलेली मादी पोत्यात.

व्यापाऱ्यांचं उत्तर असायचं की एक मादी हजारो अंडी घालते, बेडूक काय संपतो होय? अंडी हजारो असतात हे खरं आहे. पण त्यातली बहुतेक बेडूकमाशाच्या अवस्थेतच मासे, पाणकिडे, पक्षी यांच्या तोंडी जातात, नाहीतर डबकं आटून मरतात. वाचून मोठी होणारी थोडी. मोठा झालेला बेडूक म्हणजे त्या हजारांतून तरलेला बेडूक, आणि धंद्याला नेमका तोच लागतो.

१९८५ साली आपल्या बैल बेडकाचं आणि आणखी एका तळ्यातल्या बेडकाचं नाव जागतिक यादीत आलं आणि १९८७ साली भारताने निर्यातच बंद केली. बांगलादेशनेही थोड्याच वर्षांत तेच केलं.

इथं एक गोष्ट नीट बघा. व्यापार जोरात होता तेव्हा देशात एकूण किती बैल बेडूक आहेत हे कुणी मोजलेलं नव्हतं. बंद केला तेव्हाही मोजलेलं नव्हतं. चालू होता तोही अंदाजावर, बंद झाला तोही अंदाजावर. बंदी योग्य होती असंच मला वाटतं. जिथं मोजमाप नाही तिथं हात आखडता घेणं शहाणपणाचं. पण ज्याच्या घरातली चूल त्यावर पेटत होती त्याला ‘बेडूक कमी झालेत’ हे आकड्यानिशी दाखवायला कुणाकडे काही नव्हतं, हेही तितकंच खरं.

जगाने केलेला नियम

मघाशी जागतिक यादी म्हटलं ती सायटिस या कराराची. १९७३ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला हा करार झाला, १९७५ पासून लागू झाला, भारत १९७६ मध्ये त्यात आला. आज १८० हून जास्त देश त्यात आहेत. करार व्यापार सरसकट बंद करत नाही, हे आधी ध्यानात घ्या. पुष्कळांचा तसा समज असतो.

कराराच्या तीन याद्या आहेत, त्यांना परिशिष्ट म्हणतात. पहिल्यात वाघासारखे नामशेष व्हायच्या मार्गावरचे जीव, त्यांचा धंद्यासाठी व्यापार बंद. दुसऱ्यात असे जीव, की आज लगेच संपणार नाहीत पण व्यापाराला लगाम घातला नाही तर संपू शकतात. तिसऱ्यात एखाद्या देशाने आपल्या हद्दीतल्या प्रजातीसाठी इतरांची मदत मागितलेली असते. सगळ्या मिळून सुमारे ४० हजार प्रजाती, त्यातल्या बहुतेक दुसऱ्या परिशिष्टात. आपला बैल बेडूक दुसऱ्याच परिशिष्टात आहे.

दुसऱ्या परिशिष्टातला जीव परदेशात पाठवायचा तर देशाच्या सरकारी यंत्रणेचा परवाना लागतो. आणि परवाना देण्याआधी त्या देशातल्या शास्त्रीय संस्थेने लिहून द्यावं लागतं की एवढा माल बाहेर गेला तरी रानातल्या त्या प्रजातीला धोका नाही. या दाखल्याला एनडीएफ म्हणतात. भारतात असा सल्ला देण्याचं काम भारतीय वन्यजीव संस्था, प्राणी सर्वेक्षण, वनस्पती सर्वेक्षण अशा संस्थांकडे आहे.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर आपण पुढच्या पेरणीचं बियाणं कणगीत बाजूला ठेवतो आणि मग उरलेलं धान्य बाजारात नेतो. एनडीएफ म्हणजे ‘बियाणं ठेवलंय ना?’ असं विचारणं. फरक एवढाच की आपली कणगी आपल्याला दिसते. रानातली कणगी कुणाला दिसत नाही. ती किती भरलीय हे न बघताच ‘ठेवलंय, ठेवलंय’ म्हणून शिक्का मारायचा मोह होतो, आणि अनेक देशांत तसं झालं आहे.

प्रत्येक देशाने दरवर्षी किती परवाने दिले, काय आलं, काय गेलं याचा अहवाल द्यायचा असतो. तो सगळा डेटा इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एका केंद्रात साठवला जातो. १९७५ पासूनच्या दोन कोटींहून जास्त नोंदी तिथे आहेत आणि त्या कुणालाही इंटरनेटवर बघता येतात. त्यात एक चांगली सोय आहे. विकणाऱ्या देशाने लिहिलेलं आणि घेणाऱ्या देशाने लिहिलेलं शेजारी शेजारी ठेवता येतं. पाठवणारा म्हणतो हजार नग गेले, घेणारा म्हणतो पंधराशे आले, तर मधले पाचशे कुठून आले हा प्रश्न उभा राहतो. अर्थात प्रत्येक वेळी चोरीच असते असं नाही. एकाने परवान्यावरचा आकडा लिहिला, दुसऱ्याने प्रत्यक्ष उतरलेला. एकाने डिसेंबरमध्ये धरलं, दुसऱ्याने जानेवारीत. आपल्या सोसायटीच्या वजनात आणि कारखान्याच्या वजनात फरक पडतो तसंच. पण फरक वर्षानुवर्षे एकाच बाजूला पडत असेल तर मग बघावं लागतं.

एखाद्या प्रजातीचा व्यापार अचानक वाढला किंवा संशयास्पद दिसला तर करारातर्फे त्या देशाला विचारणा होते की तुम्ही ‘धोका नाही’ असं कशावरून ठरवलं ते दाखवा. समाधानकारक उत्तर आलं नाही तर बाकीच्या देशांना सांगितलं जातं की या देशाकडून हा माल घेऊ नका. मला या सगळ्या करारात दात असलेला भाग हाच वाटतो.

किलो, नग आणि नाव

आता मूळ अडचणीकडे या. भारत आणि बांगलादेश बाजूला झाले म्हणून फ्रेंच माणसाने तंगड्या खायच्या सोडल्या नाहीत. फ्रान्सने आपल्या देशातल्या बेडकांची धंद्यासाठी पकड १९८० च्या सुमारास थांबवली, पण खाणं चालूच. मग माल यायला लागला इंडोनेशियातून. २०१० ते २०१९ या दहा वर्षांत युरोपियन युनियनने ४० हजार टनांहून जास्त तंगड्या आयात केल्या. जवळजवळ तीन चतुर्थांश इंडोनेशियातून, उरलेल्यात व्हिएतनाम बरंचसं आणि तुर्कस्तान थोडं. माल उतरतो जास्त करून बेल्जियमला आणि तिथून फ्रान्सला जातो.

हे बेडूक किती झाले? एक किलो तंगड्यांना २० ते ५० बेडूक लागतात. म्हणजे त्या दहा वर्षांचा हिशेब धरला तर ८० कोटी ते २०० कोटी बेडूक. यातला फरक केवढा आहे बघा. १२० कोटींचा फरक नुसता आपण नग न मोजता किलो मोजले म्हणून.

आणि हा २० की ५० चा आकडाच खरं तर फार कामाचा आहे. समजा एका गोदामात दहा वर्षांपूर्वी किलोला २० बेडूक लागत होते आणि आज ४० लागतात. याचा अर्थ मोठे बेडूक संपले, आता लहान पकडावे लागतायत. मासेमारी करणाऱ्यांना हे सांगायला नको. जाळ्यात लहान मासळी यायला लागली की जुना माणूस समजून जातो. बेडकांच्या अनेक जातींत मादी नरापेक्षा मोठी असते, म्हणजे मोठे वेचून काढले की माद्या आधी जातात. रानात न जाता, नुसत्या गोदामातल्या वजनकाट्यावर हे कळू शकतं. फक्त कुणीतरी किलोमागे नग लिहून ठेवायला हवेत. टन लिहून ठेवले तर यातलं काहीच कळत नाही.

नावाचा घोळ तर आणखी मोठा. कातडी सोललेली, गोठलेली तंगडी बघून ती कोणत्या जातीच्या बेडकाची हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी दुकानातल्या इंडोनेशियन पाकिटांतले दोनशेहून जास्त नमुने घेऊन डीएनए तपासला. त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आला. पाकिटांवर जावातल्या एका मोठ्या बेडकाचं नाव होतं. आत निघाला जवळजवळ सगळा दुसराच, खाजणातल्या आणि भाताच्या शेतात राहणारा खेकडे खाणारा बेडूक. म्हणजे कागदावर एक प्रजाती विकली जात होती आणि शेतातून दुसरीच कमी होत होती. मग कागदावरून हिशेब लावणाऱ्याने काय समजायचं?

त्यात भर म्हणजे हा खेकडे खाणारा बेडूक सायटिसच्या यादीत नाहीच. यादीत नाही म्हणजे त्या परवान्याची गरज नाही, म्हणजे केंब्रिजच्या त्या साठ्यात नोंद नाही. उरतो फक्त कस्टमचा कोड. जगभरच्या कस्टमच्या यादीत बेडकाच्या तंगड्यांना पूर्वी स्वतंत्र कोड होता. २००७ च्या बदलात तो काढून ‘इतर मांस’ या रकान्यात टाकला. युरोपने आपल्यापुरता वेगळा कोड ठेवला म्हणून निदान वरचा ४० हजार टनांचा आकडा तरी मिळतो. इतर देशांत तंगड्या आणि इतर कसलं कसलं मांस एकाच बेरजेत. आपल्या सातबाऱ्यावर आंतरपिकाची नोंद नसली की ते पीक शासनाच्या लेखी पिकतच नाही, तसाच प्रकार.

व्हिएतनामचा माल पुष्कळसा पाळीव बेडकांचा म्हणून येतो. पाळीव असेल तर रानाला धक्का नाही असं वरवर वाटतं. पण शेततळ्यात खरोखर अंड्यापासून वाढवलेले की रानातून पकडून चार दिवस तळ्यात ठेवलेले, हे विचारावंच लागतं. सायटिसच्या परवान्यावर ‘रानातला’ आणि ‘पाळलेला’ यांना वेगळी अक्षरं आहेत. चुकीचं अक्षर लिहून माल पार करणं हा जगभरचा जुना उद्योग आहे, पोपटापासून कासवापर्यंत.

आणि निर्यातीचा आकडा अगदी बरोबर आला तरी चित्र अर्धंच. इंडोनेशियातल्या संशोधक मिर्झा कुसरिनी यांनी जावा बेटावर फिरून बेडूक पकडणारे, व्यापारी, बाजार यांचा अभ्यास केला. त्यात असं दिसलं की देशातल्या देशात खाल्ले जाणारे बेडूक निर्यातीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. बंदरावर बसून मोजणाऱ्याला ते दिसतच नाहीत.

मग मोजायचं कसं

बेडूक मेंढरासारखे रांगेत उभे राहत नाहीत. पण मोजायच्या रीती आहेत आणि त्या फार अवघड नाहीत.

एक रीत अशी. समजा एका तळ्यावर एका रात्री ५० बेडूक पकडले, त्यांना इजा न होईल अशी खूण केली आणि सोडून दिले. आठ दिवसांनी पुन्हा ५० पकडले. त्यात खुणेचे १० निघाले. म्हणजे दर पाचात एक खुणेचा. आपण खुणा केल्या होत्या ५०, तेव्हा तळ्यात एकूण साधारण २५० बेडूक असले पाहिजेत. बस्स, एवढंच गणित आहे. तुर्कस्तानात चुकुरोवा नावाचा सुपीक खोऱ्याचा भाग आहे, तिथून बेडूक युरोपला जातात. तिथल्या शास्त्रज्ञांनी काही वर्षं हजारो बेडकांना खुणा करून असाच हिशेब लावला. बेडूक दरवर्षी साधारण २० टक्क्यांनी कमी होतायत असं निघालं. दरवर्षी २० टक्के म्हणजे तीन वर्षांत निम्म्यावर. हे कळल्यावर ‘धोका नाही’ असा दाखला कुणी कोणत्या तोंडाने देईल?

दुसरी रीत आणखी सोपी. ठरलेला बांध, ठरलेलं अंतर, ठरलेली वेळ. बॅटरी घेऊन चालायचं, दिसले तेवढे लिहायचे. पुढच्या वर्षी त्याच नक्षत्रात, तसाच पाऊस झालेला असताना त्याच बांधावर पुन्हा. एकूण किती आहेत हे यातून कळत नाही, पण वाढतायत की घटतायत हे कळतं, आणि निर्णयाला बहुतेक वेळा तेवढंच लागतं.

तिसरी रीत म्हणजे पकडणाऱ्यालाच विचारायचं. पूर्वी एका रात्रीत किती मिळायचे, आता किती मिळतात, किती लांब जावं लागतं. पूर्वी दोन तासांत पोतं भरत होतं आणि आता पहाट होते, तर उत्तर मिळालं. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित मोजमाप हेच. कारण असं की हे ज्याच्याकडून कळतं त्याला बैठकीत खुर्ची नसते.

मोजून केलेला व्यापार टिकतो याचंही उदाहरण आहे. दक्षिण अमेरिकेत पेरू, बोलिव्हिया या देशांच्या उंच डोंगरात विकुन्या नावाचा उंटाच्या कुळातला लहानसा जंगली प्राणी आहे. त्याची लोकर जगातल्या सगळ्यात महाग लोकरींपैकी. शिकार करकरून १९६० च्या दशकात तो काही हजारांवर आला होता. आधी कडक बंदी घातली. संख्या वाढल्यावर जिथं वाढली त्या भागापुरता व्यापार पुन्हा खुला केला, पण अट अशी की प्राणी मारायचा नाही. गावकरी मिळून कळप हाकत कुंपणात आणतात, लोकर कातरतात आणि सोडून देतात. आपले धनगर बांधव मेंढरं कातरतात तसंच, फक्त प्राणी जंगली. हाकलताना मोजणी आपोआप होते. पैसे गावाला मिळतात म्हणून गावच शिकाऱ्यावर लक्ष ठेवतं. आज विकुन्या लाखांत आहेत. बेडकाची तंगडी कातरून बेडूक सोडता येत नाही, तेव्हा हे जसंच्या तसं लागू होत नाही. पण मोजणी आणि मोबदला एकाच माणसाच्या हातात असला की काय होतं ते यात दिसतं.

आपल्याकडे याचा संबंध कुठं येतो

सह्याद्रीतली नरक्या ही वनस्पती घ्या. तिच्यापासून कर्करोगावरच्या औषधाचा घटक मिळतो हे कळल्यावर कोकणातून आणि घाटातून तिचं लाकूड गाड्याच्या गाड्या भरून गेलं. तोडणाऱ्याला किलोमागे किरकोळ पैसे मिळाले. डोंगरात किती होती आणि किती उरली याचा हिशेब तोडणी झाल्यावर सुरू झाला.

शिसवाचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. शिसवाच्या कुळातली सगळी झाडं जानेवारी २०१७ पासून सायटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. चीनमध्ये फर्निचरसाठी आफ्रिकेतली आणि आग्नेय आशियातली झाडं भरमसाट तुटत होती म्हणून हे झालं. पण त्यात उत्तर भारतातले शिसवाच्या लाकडावर कोरीवकाम करणारे कारागीरही अडकले. आमच्याकडे शिसम भरपूर आहे, शेतात लावलेलं आहे, असं भारताने मांडलं. शेवटी २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत शिसवाच्या वस्तूंना १० किलोपर्यंतच्या सवलतीचा हिशेब कसा धरायचा हे स्पष्ट झालं आणि लहान वस्तूंची निर्यात सुटली. भरपूर आहे म्हणणाऱ्यालासुद्धा शेवटी आकडाच दाखवावा लागतो.

बेडकाकडे परत यायचं तर निर्यात बंद आहे, पण पकड बंद नाही. गोव्यात पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’ या नावाने बेडकाचं मांस चोरून विकलं जातं आणि तिथलं वनखातं दरवर्षी गस्त घालतं. सीमेलगतच्या आपल्या गावांतही पहिल्या पावसात बॅटऱ्या फिरताना दिसतात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. बैल बेडूक पकडणं, मारणं, विकणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. हा कायदा १९७२ चा, पण त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन सायटिससाठी वेगळं प्रकरण आलं आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. असा प्रकार दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करता येतो. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायच्या आधी हे केलेलं बरं, कारण व्हिडिओ बघून पकडणाऱ्यालाही जागा कळते.

राहिली मोजणी. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या गावात कोणती झाडं, कोणते प्राणी, कुठे, कुणाला त्यांची माहिती आहे, हे सगळं त्यात यायला हवं. बऱ्याच ठिकाणी ही वही २०२० च्या मुदतीच्या आधी घाईघाईत बाहेरच्या माणसांकडून भरून घेतली गेली आणि कपाटात गेली. ग्रामपंचायतीत जाऊन ती बघायला मागा, गावकऱ्याला तो हक्क आहे. बेडकाचं पान उघडा. नुसतं ‘बेडूक’ एवढंच लिहिलंय की जात, जागा, महिना आणि किती दिसले हेही आहे ते बघा. नसेल तर येत्या मृगात दोन माणसं, एक बॅटरी आणि ठरलेला शंभर मीटरचा बांध एवढ्यावर सुरुवात करता येते. आकडा आणि तारीख वहीत लिहायला समितीच्या सचिवाला सांगा.